गोंयच्या सायबाकडे चालत

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची, म्हणजे गोंयच्या सायबाची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते आणि ३ डिसेंबरला त्याचं फेस्त, म्हणजे सण, असतं. या दिवसांत लांबलांबून माणसं चालत येतात. आमच्या सावंतवाडीहूनही जातात. मी मात्र त्यांच्यात कधी गेले नव्हते.

नवरा वारला, मुलगा परत कुवेतला गेला आणि घरात मी एकटी उरले. आधी माणसं येत होती, मग पाऊस लागला आणि तीही थांबली. संध्याकाळी आल्तारापुढे मेणबत्ती लावून हातात माळ घ्यायचे, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. देव आहे, यावर कधी शंका आली नाही. तो आहे आणि माझ्याशी बोलत नाही, हेच सोसवत नव्हतं. शेजारची काकी पंढरीची वारकरी. ती म्हणाली, "घरात बसान काय करतलस? चलाक लाग गो. चलताना नाव आपसूक तोंडात येता."

चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपून निघालो. बांद्यापर्यंत सगळ्यांचेच पाय हलके असतात. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की ऊन चढतं, डांबर तापतं, बाजूने ट्रक सुसाट जातात. एका रांगेत चालावं लागतं, त्यामुळे गप्पा फारशा होत नाहीत. तेर्स, म्हणजे माळेवरची मारियेची प्रार्थना, मात्र चालूच असतो.

'नमान मारिये'चा पहिला भाग एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. घरी दोन्ही भाग मलाच पेलावे लागत होते. इथे पुढची बाई सुरुवात करायची, मागची माणसं पुरं करायची आणि मी मधे गप्प चालायचे. कोणी काही विचारलं नाही. धारगळच्या पुढे कुठेतरी माझ्या तोंडून शेवटचे शब्द निघाले: "आतां आनी आमच्या मरणाच्या वेळार." तेवढेच. मग पुढच्या खेपेलाही तेवढेच.

कोलवाळच्या पुलाजवळ सावलीत बसलो, तेव्हा त्या बाईने विचारलं, "तुमचं मागणं कोणासाठी?" मी नवऱ्याचं नाव सांगितलं. तेर्साच्या पुढच्या दशकाच्या, म्हणजे दहा 'नमान मारिये'च्या, आधी तिने ते मोठ्याने घेतलं. परक्या माणसाच्या तोंडून, भर रस्त्यावर त्यांचं नाव ऐकलं आणि मी रडले. किती दिवसांत कोणी ते घेतलंच नव्हतं.

रात्री मुक्कामाला फादर सायबाबद्दल बोलले. १५४६ साली अंबोइना बेटावरून त्याने रोममधल्या सोबत्यांना लिहिलं होतं की, तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सतत जवळ बाळगतो. मी लहानपणापासून त्याच्याकडे चमत्कार मागत आले. त्यालाही माणसांची अशी आठवण येत असेल, हे मनातच आलं नव्हतं. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर तो वारला. कँटनला नेणारी होडी आलीच नाही. उशाशी अँतोनियो नावाचा चिनी सोबती होता. त्या दिवसाचं आपण फेस्त करतो.

फादरनी बायबलमधलं ८८वं स्तोत्रही वाचलं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे अंधारातच संपतं. आणि तरी चर्चच्या शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते आहे. ज्याला पुढचं काही दिसत नाही, त्याच्या तक्रारीलाही प्रार्थनेत जागा आहे, हे त्या रात्री मला कळलं. कोणी समजावलं असतं तर मी ऐकलं नसतं. "विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" हे दुःखातल्या माणसाला फार घाईने सांगितलं जातं.

म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, मग रायबंदर. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या बाहेर मांडवात मिस्सा चालू होती. पायांना फोड आले होते. चांदीच्या पेटीत ठेवलेल्या सायबाच्या देहाकडे लांबूनच बघितलं आणि रांगेत माझ्या पुढे-मागे असलेल्या सगळ्यांची नावं घेतली. स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं.

आता त्या बाईबरोबर रोज संध्याकाळी फोनवर तेर्स होतो. काही दिवस अजूनही मला फक्त शेवटचे शब्द जमतात, बाकीचं ती म्हणते. तुमच्या वाड्यावर कोणी असं एकटं असेल तर येत्या नोव्हेंबरात त्याला बरोबर घ्या. रस्त्यात त्याला बोलायचा आग्रह करू नका, त्याच्या माणसाचं नाव तेवढं विचारा.