नागपूर ते दिल्ली : रायफल घेऊन विमानप्रवास

उन्हाळ्याच्या तोंडावर नेमबाजीच्या स्पर्धेसाठी नागपूरहून दिल्लीला, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंह शूटिंग रेंजवर, विमानाने जाणे झाले. माझ्याजवळ .२२ ची रायफल होती. क्लबातला एक ज्युनिअर मुलगा आणि त्याचे वडील एअर पिस्तूल घेऊन पहिल्यांदाच विमानाने निघाले होते. रेल्वेने जाताना हत्यार रात्रभर आपल्या बर्थखाली, नजरेसमोर असते. विमानात ते काही तास परक्यांच्या ताब्यात द्यावे लागते. त्यामुळे कुलूप किती भारी आहे यापेक्षा पेटी कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली आणि त्याची नोंद कुठे झाली, याकडे अधिक लक्ष पुरवावे लागते.

तयारीची सुरुवात तिकिटाच्या आधी, परवान्यापासून करावी. परवान्यावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर आहे, मुदत परतीच्या तारखेनंतरही शिल्लक आहे आणि क्षेत्राच्या रकान्यात ‘संपूर्ण भारत’ अशी नोंद आहे, या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो, त्यामुळे क्षेत्रवाढ करून घ्यायची असल्यास ती प्रवासाच्या आठवड्यात होईल अशी आशा बाळगू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. अशा काळात खेळाडू म्हणून सूट मिळाल्याचा कागद हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये. स्पर्धेचे प्रवेशपत्र, संघटनेचे ओळखपत्र आणि परवान्याच्या प्रती वेगळ्या पाकिटात, आणि मूळ परवाना अंगावरच्या खिशात, ही माझी पद्धत आहे.

“काका, माझं तर एअर पिस्तूल आहे, त्याला परवाना लागतच नाही ना?” असे त्या मुलाने मला आधीच विचारले होते. त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, इंचांत) आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. मात्र एक्स-रेच्या पडद्यावर ते पिस्तूलच दिसते, आणि ते केबिनमध्ये नेता येत नाही. म्हणून खरेदीचे बिल, संघटनेचे पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवून ते काउंटरवर जाहीर करावे आणि चेक-इन सामानातच द्यावे. पिस्तुलाला जोडलेल्या, दाबाखालील हवेच्या सिलिंडरचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. सुमारे २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर विमान कंपनी स्वीकारत नाही. घरीच तो पिस्तुलापासून वेगळा करून सावकाश रिकामा करावा, त्यावरील दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करावी आणि काउंटरवर विचारल्यास दाखवता येईल असा वरच ठेवावा. दिल्लीत पुन्हा भरण्यासाठी लागणारा अॅडॉप्टर विसरला तर सगळी मेहनत पाण्यात जाते. सिलिंडरवर छापलेली मुदतही पाहून घ्यावी. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

आता पेटीविषयी. कापडी किंवा रेक्झिनची लांब पिशवी क्लबात न्यायला ठीक असते, विमानाच्या पोटात ती निरुपयोगी आहे. कडक प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची, चारही ठिकाणी कुलूप बसेल अशी पेटी घ्यावी. दुकानातच एक परीक्षा करावी: सगळी कुलपे लावून पेटीचा कोपरा दोन्ही हातांनी जोर लावून उचकटून पाहावा. बोटे आत शिरत असतील तर ती पेटी बंद आहे असे म्हणता येणार नाही, कारण फटीतून बोल्ट (रायफलचा मागे-पुढे सरकणारा, काडतूस आत बसवणारा भाग) किंवा पिस्तुलासारखी लहान वस्तू बाहेर ओढता येते. पेटीला आधीपासून असलेल्या खटक्यांवर विसंबू नये. पितळी, जाड कड्याची कुलपे लावावीत आणि शक्यतो ती सगळी एकाच किल्लीने उघडणारी घ्यावीत, म्हणजे तपासणीच्या टेबलावर मागे रांग खोळंबलेली असताना किल्ल्यांचा जुडगा चाळत बसावे लागत नाही. अमेरिकेत बंदूक रिकामी करून, कडक आणि कुलूपबंद पेटीत ठेवून, काउंटरवर जाहीर करण्याचा नियम आहे आणि किल्ली प्रवाशाकडेच राहते. आपल्याकडेही तीच शिस्त पाळावी. किल्ली कोणाच्याही हाती देऊ नये. पेटी उघडायची वेळ आली तर आपण समोर उभे राहून स्वतः उघडावी.

रायफलचा बोल्ट काढून वेगळ्या थैलीत, पण त्याच पेटीत ठेवला होता. बोल्ट दुसऱ्या बॅगेत ठेवावा, म्हणजे एक बॅग चोरीला गेली तरी चोराच्या हाती पूर्ण बंदूक लागत नाही, असा सल्ला काही जण देतात. त्यात तथ्य आहे. मात्र दुसरी बॅग साधी आणि मऊ असेल तर बोल्टच आधी जाईल, म्हणून दुसरी पेटीही तितकीच मजबूत असल्याशिवाय मी तसे करणार नाही. चेंबर (काडतूस बसते ती जागा) उघडे ठेवून नळीतून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे हत्यार रिकामे असल्याची रंगीत खूण, घातलेला असावा, म्हणजे पेटी उघडताच हत्यार रिकामे आहे हे समोरच्याला न सांगता दिसते. पेटीवर बंदुकीच्या कंपनीचे किंवा स्पर्धेचे स्टिकर लावण्याची हौस अनेकांना असते. चोराला यापेक्षा सोयीची पाटी दुसरी नाही.

काडतुसांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय नियम माणशी एकूण ५ किलोची मर्यादा घालतात आणि दोघांची काडतुसे एकाच डब्यात बांधू देत नाहीत. .२२ च्या एका काडतुसाचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास असल्याने ५ किलोत हजाराहून अधिक बसतील; परंतु देशातल्या प्रवासात ५० नगांची मर्यादा सांगितली जाते आणि अडचण तिथेच येते. प्रोन (पोटावर झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात साठ गुणांकित शॉट असतात, सरावाचे त्याहून वेगळे. त्यामुळे आपल्या विमान कंपनीकडून नेमकी मर्यादा ईमेलवर लेखी मागून घ्यावी, त्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी, आणि उरलेली काडतुसे आपल्या परवान्यावर दिल्लीत मिळतील का हे आधी ठरवावे. काडतुसे मूळ खोक्यात, मॅगझिनमध्ये न भरता ठेवावीत.

याहून मोठा धोका सुट्या काडतुसाचा आहे. रेंजवर नेतो तीच सॅक केबिन बॅग म्हणून नेण्याची सवय पुष्कळांना असते आणि तिच्या अस्तरात एखादे जिवंत काडतूस अडकून राहिलेले असते. ते तपासणीत सापडले तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. जाणीवपूर्वक ताबा नसल्याचे पटल्यास उच्च न्यायालये असे गुन्हे रद्द करतात हे खरे. पण तोवर विमान गेलेले असते आणि वकिलाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. केबिनसाठी रेंजशी संबंध नसलेलीच बॅग वापरावी.

सोनेगावच्या विमानतळावर आम्ही उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचलो. प्रवेशद्वारावरच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाला पेटीत काय आहे हे सांगून परवाना दाखवला. काउंटरवर कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला बोलावून घेतले गेले, आणि खरा वेळ पुढे गेला. रायफलच्या रिसीव्हरवरचा (नळी आणि बोल्ट बसतो त्या मुख्य भागावरचा) क्रमांक तेलाच्या थराखाली अस्पष्ट झाला होता. त्यातला शेवटून दुसरा आकडा तीन की आठ, यावर ती सुरक्षा कर्मचारी मुलगी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बराच वेळ खिळून राहिली. खिशातल्या फडक्याने तेल पुसल्यावर आठ स्पष्ट दिसला आणि परवान्याशी जुळला. निघण्यापूर्वी क्रमांक पुसून त्याचा जवळून फोटो काढून ठेवावा. यानंतर अर्ज भरणे, शुल्क भरणे (ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असते) आणि आपल्यासमोर कुलूप लागणे. टॅगचा अर्धा तुकडा आणि अर्जाची प्रत घेतल्याशिवाय, तसेच पेटी हाती घेणाऱ्याचे नाव टिपल्याशिवाय तिथून हलू नये. सुरक्षा तपासणीचा निरोप येईपर्यंत काउंटरच्या आसपासच थांबावे, कारण पेटी पुन्हा उघडायची झाल्यास किल्ली तुमच्याकडे आहे. थेट विमान असेल तर दोन पैसे जास्त पडले तरी तेच घ्यावे. मध्ये विमान बदलणे म्हणजे पेटीचा आणखी एक हस्तांतर आणि आणखी एक अनोळखी हात.

दिल्लीत मात्र अनुभव चांगला आला नाही. पेटी कर्मचाऱ्याने आणून हाती द्यायची, असे नागपूरला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती सुटकेसांबरोबर पट्ट्यावरून फिरत आली आणि त्या वेळी कंपनीचा कोणीही माणूस तिथे नव्हता. कोणीही ती उचलून बाहेर नेली असती. म्हणून विमानातून उतरताच इतरत्र न रेंगाळता पट्ट्यापाशी जावे. एक जण तिथे उभा राहील आणि दुसरा कंपनीच्या काउंटरवर चौकशी करील, अशी विभागणी करावी. पेटीत ठेवलेला लहान ट्रॅकर पेटी कुठे आहे ते सांगतो, ती कोणाच्या हातात आहे हे सांगत नाही. कुलपे, कोपरे आणि क्रमांक तिथेच तपासावेत. काही बिघडले असल्यास हॉलमधून बाहेर पडण्यापूर्वीच लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी.

रेंजवर शस्त्रागारात नोंद करून हत्यार ठेवण्याची सोय मिळत असेल तर हॉटेलच्या खोलीपेक्षा तीच निवडावी. विमानतळावरून रेंजकडे जाताना टॅक्सीच्या डिकीत पेटी ठेवून चहाला उतरू नये. परतीच्या वेळी अर्जात काडतुसांचा आकडा जातानाचा न लिहिता शिल्लक राहिलेला, मोजून लिहावा, आणि वापरलेल्यांचा हिशेब परवान्यावरील नोंदींशी जुळवून ठेवावा. त्या मुलाच्या वडिलांनी परतताना सगळे कागद स्वतःच काउंटरवर मांडले आणि सिलिंडरचा काटा विचारण्याआधीच दाखवला. त्यांची पेटी माझ्या आधी आत गेली.