काळी बोटं

आज लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी दगडांचं टेबल घेतलं. बॉक्साइट, लोहखनिज, आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचा मँगनीजचा एक गोटा, मुठीएवढाच पण हातात घेतला की चांगलाच जड.

पाचवीतल्या एका मुलाने तो उचलला आणि त्याची बोटं काजळ लावल्यासारखी काळी झाली. घाबरलाच बिचारा. मी घड्याळाचा जुना सेल दाखवला. म्हटलं, अरे, यात जी काळी पूड असते ना, ती याचीच भावंडं. तुझ्या सायकलच्या पोलादातही हाच मँगनीज आहे. तो बराच वेळ एकदा सेलकडे, एकदा बोटांकडे बघत राहिला.

बॉक्साइटपाशी मात्र मीच रमले. एक टन ॲल्युमिनियमला साधारण चार टन बॉक्साइट खणावं लागतं, वर प्रचंड वीज. तेच जुनं पातेलं वितळवलं तर जवळपास ९५ टक्के ऊर्जा वाचते. हे सांगताना माझा आवाज चढतो, कारण खाणीने पोखरलेले डोंगर मी पाहिलेत.

ऐकत उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या, "आम्ही तर तांब्यापितळेचं भांडं कधी टाकलंच नाही. फुटलं की मोडीत द्यायचं, नवं आणायचं." मी पोरांना म्हटलं, आता आजींना विचारा.

पुढची दहा मिनिटं टेबल आजींनीच चालवलं. निघताना तो मुलगा परत आला. हात अजून धुतले नव्हते. "मावशी, घरी डबाभर जुने सेल आहेत. उद्या आणू?"