अण्णा म्हणालते, ऑइल वाढायलंय

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडायचं माझ्या अगदी जिवावर येतं. आदल्या दिवशी सगळे पाने (स्पॅनर) घासून पुसून, हळदकुंकू लावून मांडलेले असतात, त्यावर आपट्याची पानं तशीच पडलेली, आणि सकाळी सातलाच कुणीतरी दारात ट्रॅक्टर लावून हॉर्न मारत असतो, कारण सोयाबीनचा सीझन, कुणाला दम नसतो. तीन वर्षांपूर्वी असाच हॉर्न वाजला आणि पुढं जे झालं ते काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला घेतलंय, जरा लांबेल.

मी लातूरच्या आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेला माणूस, २००६ पासून औसा रोडला छोटं गॅरेज आहे, ट्रॅक्टर, इंजिन पंप, कधी एखादा टेम्पो. आलेले दोघं भाऊ. नावं टाकत नाही, थोरल्याला सगळा गाव अण्णा म्हणतो, धाकला माझ्याच वयाचा. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, पंचेचाळीस एचपी, बॉनेटवर झेंडूचा हार तसाच लटकलेला. (हे एक सांगून ठेवतो, दसऱ्याला आपल्याकडं ट्रॅक्टर धुवून चकाचक करतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पण एअर फिल्टरचं झाकण उघडून बघणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.)

भांडत भांडतच उतरले दोघं. धाकल्याचं म्हणणं, अडीचशे तास झाले, ऑइल बदला, पुस्तकात लिहिलंय. अण्णांचं म्हणणं, कशाचे अडीचशे, मीटरवर दोनशे दहाबी न्हाईत. धाकल्यानं मोबाईल काढून दाखवला, त्यात रोजचे तास लिहिलेले, नांगरट इतकी, रोटाव्हेटर इतका, ट्रॉली इतकी, बेरीज दोनशे साठच्या पुढं. आता गंमत अशी की दोघंबी खरं बोलत होते. त्या मॉडेलचं मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं, घड्याळावर नाही. ठरलेल्या आरपीएमला चालवला तर मीटरचा तास आणि हातातल्या घड्याळाचा तास सारखा, पण ट्रॉली लावून हळू रेसमध्ये कारखान्याच्या रांगेत उभा राहिला की घड्याळाचा एक तास होतो आणि मीटर मागंच राहतं. हे मी समजावून सांगितलं, मला असं समजावून सांगायला आवडतं, आणि बोलता बोलता कळायच्या आत मी धाकल्याच्या बाजूला जाऊन बसलो.

मग अण्णा म्हणाले, "मिस्त्री, मी रोज सकाळी ऑइल मोजायची पट्टी बघतो. ऑइल कमी व्हायचं सोडा, वाढायलंय. मग बदलायचं कशाला?"

मी म्हणालो, "अण्णा, ऑइल काय विहिरीचं पाणी हाय का, पाऊस पडला की वर यायला?"

सगळे हसले. शेजारच्या टपरीवर तुळजापूरला पायी निघालेली चार माणसं चहा पीत होती, तीपण हसली. अण्णांनी काही न बोलता तंबाखूची पिशवी काढली.

मी का हसलो ते सांगतो. हे भांडण माझ्या दारात महिन्यातून दहा वेळा होतं आणि दहाही वेळा मला वाटतं उत्तर मला पाठ आहे. अण्णांच्या वयाची माणसं जुन्या इंजिनावर शिकलेली, ते इंजिन ऑइल खायचं, रोज थोडं थोडं वर टाकावंच लागायचं, म्हणजे न बदलता बदलल्यासारखं व्हायचं आणि त्यांच्या डोक्यात बसलं की वर टाकत राहा, बदलायची गरज नाही. दुसरीकडं पोरं असतात, ती वीस तास झालेलं ऑइल घेऊन येतात, काळं पडलं म्हणतात. डिझेल इंजिनात ऑइल काळं पडणारच, त्यात मिसळलेला साबणासारखा पदार्थ काजळी धरून ठेवतो, ते त्याचं कामच आहे, काळं पडलं म्हणजे खराब झालं असं नाही. हे मी सांगतो पण दरवेळी सांगतोच असं नाही, ऑइलचा डबा विकला की मलाही चार पैसे सुटतात, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट सोडला. ऑइल भसकन आलं, पाण्यासारखं पातळ. मी धाकल्याला म्हणालो, बघ, भाजून भाजून पातळ झालंय, अजून पंधरा दिवस गेले असते तर इंजिन बसलं असतं. किती निघालं ते मोजलं नाही. वासबी घेतला नाही, आणि घेतला असता तरी काय, गॅरेजमध्ये माझ्या जेवणाच्या डब्यालासुद्धा डिझेलचा वास येतो. नवीन फिल्टर, १५डब्ल्यू-४० सीआय-४ ग्रेडचं साडेसात लिटर ऑइल, स्टार्ट करून बघितलं, आवाज गोड, पैसे धाकल्यानं फोनवरून टाकले. जाताना अण्णा एवढंच म्हणाले, "चांगलं ऑइल सांडून दिलं पोरानं."

पाचव्या दिवशी संध्याकाळी धाकल्याचा फोन. मिस्त्री, धूर सोडायलाय, मशीन ओढंना, आन वर आभाळ आलंय, लौकर या.

ज्यांनी आमच्याकडचं सोयाबीन बघितलंय त्यांना सांगायला नको. पीक काढून बनीम, म्हणजे ढीग, लावलेली, ताडपत्री अर्धीच, परतीचा पाऊस कधी येईल नेम नाही, आणि मळणी मशीनवाल्याचा नंबर लागायला आठ आठ दिवस. ह्यांचं स्वतःचं मशीन म्हणून गावातल्या चार जणांची रासही, म्हणजे मळणीही, ह्यांच्याच भरवशावर. मी मोटारसायकलवर पान्यांची पिशवी टाकून निघालो, सगळा रस्ता तुळजापूरच्या पायी जाणाऱ्यांनी भरलेला, शेतात पोचायला अंधार पडला.

बनीम अर्धी झालेली. बायका सोयाबीनच्या कट्ट्यांवर बसलेल्या, अंगभर भुसकट. मला पहिला संशय एअर फिल्टरचा. मळणीच्या धुळीत होज पाइपाला केसाएवढी चीर असली तरी माती आत जाऊन सिलिंडरमधले लायनर, रिंग खाऊन टाकते, ते मी कितीदा बघितलंय. फिल्टर काढला, झटकला, आतला छोटा फिल्टर स्वच्छ, क्लिपा घट्ट. मग पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याबी दोन बोटं वर.

अण्णा शेजारी हातबॅटरी धरून उभे होते. काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

एवढं वाढलं म्हणजे आत पाणी तरी चाललंय नाहीतर डिझेल. रेडिएटर काठोकाठ, ऑइल दुधाळ नाही, तरी खात्री म्हणून बायकांनी चहाला चूल पेटवली होती तिथं तव्यावर एक थेंब टाकला. पाणी असतं तर तडतडलं असतं, गप जळून गेलं. मग पेपरच्या कोऱ्या कडेवर पट्टीचा थेंब टाकून ठेवला. थोड्या वेळानं बघतो तर मधी काळा ठिपका आणि त्याच्या भोवती लांबपर्यंत ओलं फिकट कडं पसरलेलं. आणि उघड्यावर पट्टी नाकाला लावली तर सरळ सरळ डिझेल.

ह्या ट्रॅक्टरला डिझेलचा रोटरी पंप. तो पंप आतून डिझेलनंच भरलेला असतो आणि त्याचा शाफ्ट टायमिंगच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनच्या आतच, जातो. त्या शाफ्टवर एक ऑइल सील असतं, बोटातल्या अंगठीएवढं. ते घासलं की डिझेल टायमिंगमधून सरळ खाली चेंबरात. बाहेर एक थेंब दिसत नाही. ऑइल वाढत राहतं आणि वाढेल तसं पातळ होत जातं, ऑइलचं प्रेशर पडतं, आणि बेरिंगवरची ऑइलची फिल्म तुटायला लागते. म्हणजे अण्णा सकाळी सकाळी पट्टी बघून जे सांगत होते तोच रोग होता, आणि मी विहिरीचा जोक मारून त्यावर नवीन ऑइल ओतून दिलं.

एक गोष्ट तरी जुळत नव्हती. प्रेशर एवढं पडलं तर डॅशबोर्डवरची लाल लाईट लागायला पाहिजे. चावी फिरवली. इंजिन बंद, चावी चालू, अशावेळी ती लाईट लागायलाच पाहिजे, लागली नाही. बल्ब गेला का म्हणून बघतोय तर ड्रायव्हर पोरगं खाली मान घालून उभं.

"काय रे?"

"मिस्त्री, ते लुकलुक करालतं. गरम झालं, रेस कमी केली की लुकलुक. मालक बोलतेत म्हणून मी वायर काढली."

"कवा?"

"दसऱ्याच्या आदी."

प्रेशर स्विचची वायर काढली की लाईट कायमची बंद, इंजिन मेलं तरी लागत नाही. धाकला त्याच्या अंगावर धावून गेला, मी मधे पडलो, आणि मधे पडताना मला आठवलं की गॅरेजमध्ये मी स्वतः चावी मारली होती. तेव्हाही लाईट लागली नव्हती. मी आवाज ऐकत होतो, आवाज गोड होता.

इथून पुढं जे झालं त्याची मला जास्त मजा वाटते. धाकला, अडीचशे तासवाला, पुस्तकवाला, म्हणाला, मिस्त्री, आत्ता हे ऑइल सोडा, नवीन ओता, रात्रीतून रास होऊ द्या, सकाळी पंप खोला. आणि अण्णा, ज्यांना ऑइल बदलणं म्हणजे पैसे मातीत घालणं, ते म्हणाले, "न्हाई. बंद म्हंजे बंद."

"अण्णा, आभाळ बघा की!"

"बघितलंय. ताडपत्री वड."

खरं सांगू का, माझं मन धाकल्याकडं होतं. डबा टाकून रात्र निघालीही असती कदाचित, पीटीओ, म्हणजे मशीन फिरवणारा मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर धरायचा म्हणजे इंजिन वरच्या रेसवर राहणार, प्रेशर थोडं तरी टिकलं असतं. आणि चूक माझी, रास भिजली तर तोंड कुठं दाखवायचं, हेबी डोक्यात. मी म्हणालो, चार तास जाईल वाटतंय. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "वाटतंय का म्हायीत हाय?"

मी पाना पिशवीत टाकला.

शेजारच्या वस्तीवरून दुसरा ट्रॅक्टर आणला, त्याला मशीन जोडेस्तोवर साडेनऊ झाले, साडेअकराला पाऊस आला. लई नाही, पण बनीमीची एक कड भिजली, तेवढे कट्टे नंतर डागी म्हणून कमी भावात गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ओढून आणला. ह्यावेळी ऑइल मापानं सोडलं. टाकलं होतं साडेसात, निघालं साडेनऊच्या वर. चेंबर खोलून बिगेंडचे, म्हणजे क्रँक ह्या इंजिनच्या मुख्य शाफ्टवरचे, बेरिंग काढले, वरचा राखाडी थर जाऊन दोन सिलिंडरच्या बेरिंगला तांबं दिसायला लागलेलं. क्रँकला माप लावलं, वाचलेली, ग्राइंडिंगची गरज नव्हती, स्टँडर्ड बेरिंगवर भागलं. पंप लातूरला पंपवाल्याकडं नेला, सील बदललं, टेस्टिंगला लावून आणला, टायमिंगच्या खुणा जुळवून बसवला. दोन दिवस गेले. त्या रात्री अजून तीन-चार तास चाललं असतं तर क्रँक राहिली असती का हे मला आजही सांगता येत नाही.

बिलाच्या वेळी परत जुंपली. धाकला म्हणाला मिस्त्रीनं बघायला पाहिजे होतं, आणि ते खरंच होतं, मी मान्य केलं, दुसऱ्या वेळचं ऑइल माझ्या अंगावर घेतलं आणि पहिल्या वेळची मजुरी परत दिली. मग ड्रायव्हरच्या पगारातून कापायचे का यावर दोघा भावांत सुरू झालं, अण्णा म्हणाले पोरगं आपल्या बोलण्याला भ्यालं म्हणून वायर काढली, तर आपल्या तोंडाचे पैसे कुणाच्या पगारातून कापायचे? धाकल्यापाशी त्याला उत्तर नव्हतं, पण तो गप बसला असंही नाही.

तवर अण्णा गॅरेजमध्ये इकडं तिकडं बघत होते. कोपऱ्यात मी त्या साडेनऊ लिटरचा कॅन ठेवला होता, काळं ऑइल स्लॅबचे सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला घेऊन जातात म्हणून जमा करतो. अण्णांनी तो उचलून बघितला, झाकण घट्ट केलं आणि ट्रॅक्टरच्या पाठीमागं नेऊन ठेवला.

मी म्हणालो, "अण्णा, ते कशाला, त्यात डिझेल मिसळलंय."

"गोठ्याच्या मेढीला लावतो, वाळवी लागलीय," अण्णा म्हणाले. "आन डिझेलबी माझंच हाय त्यातलं."