पायरी गाळली

२३ नोव्हेंबर २००९, सोमवार. मी तेव्हा इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत झाडांची वार्षिक वलयं मोजायचे. पाइनच्या खोडातून काढलेली, पेन्सिलीहून बारीक कांडी लाकडी खाचेत चिकटवायची, पॉलिश पेपरने घासायची, आधी खरखरीत, मग मऊ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वर्ष मोजत जायचं. नाकात कायम भुसा.

त्या दिवशी मोजणी तीनदा चुकली. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान संशोधकांच्या हजाराहून जास्त ईमेल कुणीतरी चोरून गेल्या आठवड्यात नेटवर टाकल्या होत्या. कोपनहेगनची संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद दोन आठवड्यांवर. आमचा त्या विद्यापीठाशी संबंध नव्हता, तरी आम्हालाही ‘चोरांनो, तुरुंगात जा’ छापाच्या मेल येऊ लागल्या. एकाने माझं आडनाव वाचून मला मायदेशी जायचा सल्ला दिला. फुकट.

संध्याकाळी बाबांचा फोन. साताऱ्याला तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले.

“अगं, तुमच्या लोकांनी ट्रिक केली म्हणे?”

ईस्ट अँग्लियातले हवामान संशोधक फिल जोन्स यांच्या १९९९ च्या मेलमधली ती ओळ मी सांगितली: ट्रिक वापरून ‘घट लपवली’.

“ट्रिकचं सोड. नवाच्या पाढ्याची ट्रिक मीच शिकवायचो. लपवलं काय?”

झाडांच्या वलयांवरून जुन्या काळचं तापमान काढतात. पण उत्तरेकडच्या काही झाडांच्या लाकडाची घनता १९६० नंतर तापमानाशी जुळेनाशी होते. थर्मामीटर चढतो, लाकूड मात्र घट दाखवतं. यात गुपित काही नव्हतं, १९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातच छापून आलेलं. जागतिक हवामान संघटनेच्या एका अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या आलेखात जोन्स यांनी तो तुकडा काढून तिथे थर्मामीटरचे आकडे जोडले.

“आणि आलेखाखाली तसं लिहिलं?”

“नाही.”

“मग पायरी गाळली. मार्क कापणार.”

मला रागच आला. “बाबा, इथे आम्हाला काय काय लिहून येतंय, माहितीये?”

“ते वेगळं. पायरी गाळली म्हणून पोराला बडवणाऱ्या मास्तरांशी मी जन्मभर भांडलोय.”

पुढे जोन्स यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. जुलै २०१० मध्ये या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या म्यूर रसेल समितीचा अहवाल आला: शास्त्रज्ञांच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण तो आलेख दिशाभूल करणारा होता. मी लगेच साताऱ्याला फोन लावला. बाबांनी निकाल ऐकून घेतला, नुसतं “हं” केलं.

“आणि मेल चोरणारा?”

तो सापडलाच नाही. २०१२ मध्ये नॉरफोक पोलिसांनी तपास बंद केला.