गज चार बोटं अलीकडेच थांबला

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी ह्या पट्ट्यात जुन्या वाड्यांच्या वाटण्या निघाल्या की घरातल्या वस्तूंची यादी करून द्यायचं काम मी करते. फोटो, मापं, वर्णन आणि कुठल्या वस्तूला कुठला कायदा लागतो त्याचा कागद. समया, हंडे, पालखीचं सामान ह्याला काही अडत नाही, ते शब्द आपल्या घरातलेच. बंदूक निघाली की मात्र वेगळी भाषा लागते, आणि ती भाषा दोन ठिकाणाहून शिकावी लागते असं माझं ठाम मत झालंय. एक जमवणाऱ्या लोकांची, म्हणजे मॅचलॉक, फ्लिंटलॉक, परकशन, लॉक प्लेट, निपल, फ्रिझन, प्रूफ मार्क. दुसरी ज्यांनी बंदूक हातात घेऊन वापरली, दुरुस्त केली त्यांची. पहिली पुस्तकात मिळते, दुसरी आता थोड्याच म्हाताऱ्या माणसांकडं उरलीय.

चिकोडीकडच्या एका वाड्याचं काम आलं तेव्हा मी खानापूर तालुक्यातल्या एका मिस्त्री आज्जांना सोबत घेऊन गेले. त्यांचा सगळा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला. खानापूरच्या जंगलाकडेला गवे, रानडुकरं शिवारात शिरतात त्यामुळं पीक राखायला म्हणून लायसन्सच्या ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडनं दारू आणि छर्रे ठासून भरायच्या, बंदुका तिथं अजून आहेत, इलेक्शन आलं की त्या ठाण्यात जमा करायच्या, मग परत आणायच्या, आणि त्या ने-आणीत काहीतरी मोडलं की आज्जांकडं.

वाड्यात माळ्यावरून एक लांब बंदूक काढून ठेवली होती. घरातले म्हणाले ही शिवकालीन तोड्याची बंदूक (पेटत्या वातीनं बार उडवायची, म्हणजे मॅचलॉक), एका एजंटानं तसं लिहूनही दिलं होतं आणि त्यावर किंमतही सांगून गेला होता. घरातल्या आत्या म्हणाल्या, नाही, ही कित्तूरच्या लढाईतली. मी टेप काढून मापं घ्यायला वाकले तर आज्जांनी हातानंच थांबवलं. "मापं मागनं घे गं बाई. आधी गज घाल बघू आत." गज म्हणजे नळीत बार ठासायची लांब सळई.

ही रीत नुसती ऐकून समजत नाही, बघावी लागते. आधी निपलवर, म्हणजे घोडा आदळतो त्या छोट्या नळकांडीवर, केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, नाही ना ते बघायचं, घोडा खाली आहे ना ते बघायचं. नळीचं तोंड माणसांपासून लांब, आपलं डोकं बाजूला. मग गज आत सोडायचा, तळाला टेकला की तोंडाशी अंगठा दाबून धरायचा, आणि तोच गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तसाच धरायचा, अंगठा तोंडाला लावून. टोक कानापर्यंत, म्हणजे नळीच्या मुळाशी आग आत जायचं भोक असतं तिथपर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. इथं ते चार बोटं अलीकडेच थांबलं. आज्जांनी परत एकदा करून बघितलं, तेच. मग ते सरळ उभं राहिले आणि म्हणाले, "बार भरलेला हाय. पोरास्नी सोप्यातनं भाईर काढा."

सगळा सोपा एकदम गप्प झाला. दोनच मिनिटं आधी वाटणीतल्या धाकट्या भावाचा मुलगा तीच बंदूक खांद्याला लावून फोटो काढून घेत होता. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षं जिवंत राहते, तिला आपली बंदूक जुनी झाली हे कळत नाही, म्हणून माळ्यावरची प्रत्येक ठासणीची बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं. आत्यांना तेव्हा आठवलं की त्यांच्या वडलांनी उसात डुकरं यायला लागली म्हणून ती भरून ठेवली होती आणि मग ते आजारी पडले, पुढं कुणी हात लावला नाही.

थोरल्या काकांनी ठाण्यात फोन केला, हवालदार आले, आणि त्यांच्यासमोर परड्यात मातीच्या ढिगाकडं तोंड करून आज्जांनी काम सुरू केलं. निपल काढली, कानातून आणि तोंडातून पाणी ओतलं आणि जेवणं होईपर्यंत तसंच भिजू दिलं. मग गजाच्या टोकाला पिळाचा स्क्रू लावून हळूहळू एक एक बाहेर. आधी काथ्याचा बोळा, मग काळपट झालेले शिशाचे छर्रे, मग परत काथ्या, आणि शेवटी दारूचा काळा लगदा. घोडा, चाप, दस्ता, माशी, कळ हे शब्द मला आधी माहीत होते, पण आज्जा ज्या क्रमानं बोलत होते त्यात प्रत्येक शब्दाला काम होतं. कळ म्हणजे आख्खं यंत्र, घोडा म्हणजे केपावर आदळणारा भाग, चाप बोटानं ओढायचा, दस्ता खांद्याला, माशी नेमाला. "घोडा अर्ध्यावर हाय" ह्या एका वाक्यात बंदूक सुरक्षित आहे का नाही ते सांगून होतं.

नळी रिकामी झाल्यावर मी कळीच्या पट्टीवर, म्हणजे लॉक प्लेटवर, भिंग धरलं, आणि खरं सांगते त्या पट्टीनं मला दिवसभर धरून ठेवलं. गंजाखाली मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का, 1808 च्या सुमारास आला, त्याच्या आधी कंपनीच्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराची खूण असायची. नळी 39 इंच, कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीला बसणारं माप. आणि पट्टीच्या पुढच्या भागात बारीक गोल डाग दिसले, बोट फिरवलं तर लागतही नव्हते. ती बुजवलेली भोकं होती. म्हणजे इथं आधी रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, ठेवायचा पॅन होता, गारेचा, म्हणजे चकमकीच्या दगडाचा, मार खाऊन ठिणग्या पाडणारी फ्रिझन होती आणि तिची स्प्रिंग होती, ते सगळं काढून भोकं बुजवून केपाची सोय केलेली. परकशनची, म्हणजे घोड्याच्या आघातानं बार पेटवायची, मूळ कल्पना स्कॉटलंडच्या फोर्साइथ नावाच्या पाद्र्याची, त्याचं पेटंट 1807 चं, पण केपा त्याच्या नंतर आल्या आणि सैन्यात तर अजून उशिरा. म्हणजे ही तोड्याची कधीच नव्हती. गारेची म्हणून जन्मली आणि पुढं केपाची झाली. शिवकाळाशी तिचा संबंध नाही. कित्तूरची लढाई 1824 ची, त्यामुळं आत्यांची गोष्ट काळाच्या हिशोबात बसते, पण बसते म्हणून खरी असं लिहिता येत नाही, मी "घरातली आठवण" म्हणून वेगळ्या रकान्यात लिहिली.

धाकट्या भावाला एकच पाहिजे होतं, "निकामी, पुराण वस्तू" असा शेरा. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असलं तरच. आणि आज्जांनी तर दोन बोटांनी घोडा ओढून कमान किती ताठ आहे ते सगळ्यांसमोर दाखवलं होतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांच्या वरची म्हणून ती येते, म्हणजे परदेशी पाठवायचा विषयच संपला. मी काकांना स्पष्ट सांगितलं, आज ठाण्यात जमा करा, लायसन्सचं पुढं बघा, एजंटाचा कागद फायलीला लावू नका. काका लगेच हो म्हणाले. धाकट्यांनी बराच वेळ तोंड फिरवून घेतलं.

हवालदार पावती लिहायला बसले. कन्नडात एकच ओळ लिहिली, नाड बंदूकु, एक. म्हणजे गावठी बंदूक. खेड्यातली प्रत्येक ठासणीची बंदूक ह्याच शब्दाखाली जमा होते, त्यांची काही चूक नाही, पण ह्या एका शब्दात कंपनीचा सिंह, बुजवलेली भोकं, सगळंच पुसलं जात होतं आणि उद्या दुसरीच कुठली बंदूक परत दिली तरी कागदावरून ओळखता आली नसती. मी कन्नडात विनंती केली, खाली अजून दोन ओळी घ्या सर. त्यांनी पेन थांबवलं, बंदूक परत उचलून उजेडाला धरली, सिंहावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "हेळ्री, एनु बरीली?" म्हणजे सांगा, काय लिहू? मी सांगत गेले, आज्जा मधेमधे दुरुस्त करत गेले, आणि ते लिहीत गेले. नळी 39 इंच, केपाची, आधी गारेची, कळीवर सिंह, पट्टीवर बुजवलेली भोकं, दस्त्याला डाव्या बाजूला चीर. काकांनी त्याच्याखाली सही केली.