रंगांधत्वाचा माग: आलेख पणजीच्या माहेरात शिरला

आमच्या कुटुंबात रंगांधत्व कोणाकडून कोणाकडे गेलं, याचा वंशावळीचा आलेख मी काढते आहे. त्यात चौकोन पुरुषाचा, वर्तुळ बाईचं; भरीव म्हणजे रंगांध. मागच्या नोंदीत हा आलेख आईच्या वडिलांपाशी, म्हणजे आजोबांपाशी अडला होता. आता तो त्यांच्या आईच्या माहेरात शिरला आहे आणि वाटेत एका भरीव चौकोनाबद्दलची शंका कायमची मिटली आहे.

आलेखातला बाण, म्हणजे जिथून शोध सुरू झाला ती खूण, माझ्या मावसभावाकडे आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीत त्याला लाल-हिरव्याचं रंगांधत्व असल्याचं कळलं. माझ्या आईचे वडील तसेच होते. डोळ्यांच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घरात आहे, आणि रोपावरची पिकलेली मिरची हिरवीतून निवडायला ते आजीला हाक मारायचे, हे सगळ्यांनीच पाहिलेलं. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो; ते बाईत दोन, पुरुषात एकच. बाप आपलं एकुलतं एक एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला देतोच, त्यामुळे आई आणि मावशी दोघीही नक्की वाहक, म्हणजे स्वतःला रंग दिसले तरी दोष पुढे देऊ शकणाऱ्या. त्यांच्या वर्तुळांत वाहकाचा ठिपका. माझ्या वाहक असण्याची शक्यता १/२ होती. पण माझे दोन्ही मुलगे रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेल्या, रंगांधत्व तपासायच्या सगळ्या पाट्या अचूक वाचतात. वाहक बाईचा प्रत्येक मुलगा असा निघण्याची शक्यता १/२. म्हणून वाहक असून दोन्ही मुलगे असे निघण्याची शक्यता १/२ × १/४, म्हणजे १/८. वाहक नसण्याची ४/८. एकास चार. म्हणून माझ्या वर्तुळाशेजारी आता १/५ लिहिलं आहे. ज्यांना काही दोष नाही त्यांचीही तपासणी करून नोंद ठेवा, असं मी पुन्हा पुन्हा सांगते ते याचसाठी.

आजोबांना हे आलं ते त्यांच्या आईकडून, कारण बापाचं एक्स मुलाला मिळतच नाही. आजोबांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात पुरुषांच्या पिढ्यांमागून पिढ्या बिनचूक दिल्या आहेत, पण या शोधाला त्याचा उपयोग एका ओळीपुरता: पणजीचं सासरचं नाव आणि माहेरचं आडनाव. लेक दुसऱ्या घरी गेली, लग्नात तिचं नावही बदललं, की ती तिथून पुसली जाते. आणि हा गुण नेमका लेकींच्या हातून पुढे जातो. आजोबाकडून मुलीमार्फत नातवाकडे जाणारी ही वाट स्विस नेत्रवैद्य हॉर्नर यांनी १८७६ साली कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवली, तेव्हा गुणसूत्रांचा आणि वारशाचा संबंधही कोणाला माहीत नव्हता. आडनाव आणि गाव हाती घेऊन त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले, तेव्हा त्यांच्या नामावळीत पणजीच्या भावाचं घर सापडलं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आजोबांच्या धाकट्या भावाचं लग्न मामाच्याच, म्हणजे पणजीच्या या भावाच्या मुलीशी झालं होतं. आमच्याकडे मामेबहीण करण्याची रीत होतीच. नात्यातलं लग्न म्हणून आलेखात या दोघांना जोडणारी रेघ दुहेरी. हे धाकटे आजोबाही रंगांध होते, असं ऐकलं होतं, पण ऐकीव माहितीवर मी चौकोन भरत नाही, प्रश्नचिन्ह ठेवते. त्यांची मुलगी, माझी चुलत मावशी, आता पंढरपुरात असते. साडीचा रंग ती आयुष्यभर दुकानदाराला विचारून घेत आली. तिला त्याच, इशिहारांच्या छापील पाट्या दाखवल्या: दिवसाच्या उजेडात, पाऊण मीटरवरून, एकेका पाटीला तीन सेकंद. (फोनच्या पडद्यावर ही तपासणी करू नका, रंग बदलतात.) बहुतेक पाट्यांवर तिला आकडाच दिसला नाही. २६ च्या पाटीवर तिला फक्त २ दिसला, मावसभावालाही तसंच. म्हणजे दोघांचा दोष एकाच, हिरव्याच्या प्रकारचा. लाल प्रकारात तिथे ६ दिसतो. उतारवयात मोतीबिंदूनंही रंग फसवतात, म्हणून तिच्या लहानपणापासूनच्या आठवणी मी वेगळ्या लिहून घेतल्या.

बाई रंगांध म्हणजे तिची दोन्ही एक्स सदोष, आणि दोषही एकाच प्रकारचा. एका एक्सवर लाल प्रकारचा आणि दुसऱ्यावर हिरव्या प्रकारचा दोष असता, तर तिला रंग नीट दिसले असते. त्यातलं एक वडिलांकडून आलेलं. त्यामुळे धाकट्या आजोबांचा चौकोन तपासणीविनाच भरला, तोही पुराव्यानं. आजोबांशिवाय पणजीचा दुसरा मुलगाही रंगांध ठरल्यानं तिच्या वर्तुळातला ठिपका पक्का झाला.

दुसरं एक्स आईकडून. म्हणजे ती मामेबहीण वाहक होती. पण तिला ते मामांकडून मिळालं की मामींकडून, हे या तपासणीतून ठरत नाही. मामांना रंग कळत नसत, असं त्या घरातले एक वृद्ध सांगतात. त्यांच्या चौकोनात अजून प्रश्नचिन्हच आहे. ते काढायचं तर मामांच्या इतर मुलींची मुलं शोधायला हवीत, आणि त्या मुलींच्या सासरची आडनावं नामावळीत नाहीत. जुन्या लग्नपत्रिका कोणी जपल्या असतील, तर त्यांतून वाट निघेल.

त्याआधी चुलत मावशीचे दोन मुलगे. आलेख बरोबर असेल तर दोघेही रंगांधच असले पाहिजेत, आणि २६ च्या पाटीवर दोघांनाही २ च दिसला पाहिजे. थोरला बडोद्याला असतो, धाकटा नाशिकला. दोघांनी होकार दिला आहे. पाट्यांचं पुस्तक आधी नाशिकला नेते आहे.