पणजोबांचा रविवार

कोल्हापूरला रेल्वे संपते. मिरजेहून येणारा फाटा छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर थांबतो, पुढे रूळच नाहीत. पुण्याहून निघताना मला असंच ठिकाण हवं होतं, जिथून पुढे कुठेही जायचं नसेल.

बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत मी सपोर्टचं काम करते. बँकेचा सर्व्हर रात्री दोनला अडला तर फोन मला येतो. हळूहळू फोन आला नसतानाही मला दोनला जाग यायला लागली. चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि लक्ष पर्समधल्या मोबाइलकडे असायचं. आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ये की इकडं. काय बघायला-बिघायला नको, नुसती ये."

मिरजेला गाडी बराच वेळ थांबते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली याच गावात रुग्णालय उभं केलं आणि आमच्या घरातली कितीतरी माणसं तिथेच जन्मली. म्हणून मिरज आलं की वडील नेहमी खिडकीशी येऊन बसायचे. यावेळी मी बसले.

घरी पोहोचल्यावर आत्याने काही विचारलं नाही. ताटात भाकरी, सुकं मटण आणि पांढरा रस्सा आला. दुसरी वाटी संपेपर्यंत ती समोरून हलली नाही आणि मग म्हणाली, "आता झोप. मोबाइल माझ्याकडं दे, मी ठेवतो." (कोल्हापूरच्या बायका 'ठेवतो'च म्हणतात, आणि ते ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.) सकाळी उन्हं अंगणात आली तरी मी झोपलेलीच होते. दुपारी जेवून पुन्हा झोपले.

बायबलमधली एलीयाची गोष्ट मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, असल्यापासून ऐकत आले आहे, पण ती मला उमगली त्या दुपारी. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झालं, माझा प्राण घे, असं देवाला म्हणतो. तिथेच त्याला झोप लागते. देवदूत येतो तो बोधपर चार शब्द सांगायला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो आणि ऊठ, खा, म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला पुन्हा उठवून खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो ते यानंतर कितीतरी दिवसांनी. थकलेल्या माणसावर देवाचा पहिला उपचार म्हणजे जेवण आणि झोप. माझी प्रार्थना होत नाही म्हणून मी महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत होते, आणि इथे देवाने आधी जेवायला वाढलं होतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, रंकाळा सगळ्यांनी पाहिलेला आहे.

शनिवारी मात्र आत्याने मला पन्हाळ्याच्या रस्त्याला एका ओळखीच्यांच्या गुऱ्हाळावर नेलं. हंगाम ऐन भरात होता. काहिलीत रस उकळत होता, मळी काढणारा माणूस वाफेत अर्धा दिसेनासा झाला होता. रस्त्यावर उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग कारखान्याकडे निघाली होती. बैलांच्या मानेवर घट्टे पडले होते. आत्या त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बेंदराला ह्यांच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. वरसातनं एक दिवस. देवानं तर आठवड्याला एक दिला हुता."

ती दहा आज्ञांबद्दल बोलत होती. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत विसाव्याचा हक्क कुणाकुणाला दिला आहे हे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नीट वाचण्यासारखं आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या गावातला उपरासुद्धा. कारणही तिथेच दिलं आहे. तुम्ही मिसर देशात दास होता, ते आठवा. मिसरच्या राजाने, फारोने, इस्राएली लोकांना विटा थापायला लावल्या, मग गवत देणं बंद केलं आणि विटांचा आकडा तोच ठेवला. दासाला सुट्टी नसते. ज्याला आठवड्यातला एक दिवस हातातलं काम खाली ठेवता येतं, तो माणूस कुणाचा दास नाही, याची ती खूण होती.

मग गुऱ्हाळाच्या बाजेवर बसून आत्याने तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या पणजोबांची गोष्ट सांगितली. आमचं घराणं महारवतनातलं. वतन नावाला, प्रत्यक्षात गावकीची हाक आली की हातातला घास टाकून उठायचं. सरकारी टपाल पोहोचवायचं, साहेबांचं सामान वाहायचं, लाकडं फोडायची, मेलेलं जनावर ओढायचं. दिवस आपला नाही, रात्रही नाही. पणजोबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे हाका काही थांबल्या नाहीत. पण रविवारी सकाळी ते धुतलेला सदरा घालून तयार बसायचे, आणि चावडीवरून माणूस आला की दारातूनच सांगायचे, "आज न्हाई. भक्तीला चाललोय." त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. पुढे 1918 साली शाहू महाराजांनी संस्थानातली महारवतनं रद्द केली आणि वेठीला धरणंही बंद केलं. आमच्या घरात महाराजांचा फोटो आणि वधस्तंभ एकाच भिंतीवर का आहेत, ते मला त्या बाजेवर कळलं.

माझ्या कामाची आणि त्यांच्या वेठीची बरोबरी मी करणार नाही. मला पगार मिळतो, राजीनामा देता येतो, माझ्या अंगावर कुणी हात टाकत नाही. पण ज्या माणसाने मार खाऊन एक दिवस आपला केला, त्याची पणती तोच दिवस न मागता देऊन टाकते, हे मला रात्री बराच वेळ डाचत राहिलं.

रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चला गेलो. ज्या अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांच्या आडनावाने हे चर्च ओळखलं जातं ते 1852 साली कोल्हापूरला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना मिशनकार्याकडे वळवणारी मोठी चळवळ उभी करणाऱ्यांत तो होता. पेटी-तबल्यावर गीतं सुरू झाली. शेजारच्या आजींनी त्यांचं गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं, त्यांना सगळं पाठ होतं.

पाळकसाहेबांनी मार्काचा सहावा अध्याय घेतला. शिष्य गावोगाव फिरून परत आलेत, माणसांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना म्हणतो, एकांतात चला, थोडा विसावा घ्या. ते होडीत बसतात, पण लोक काठाकाठाने धावत त्यांच्या आधी पोहोचतात. येशूला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवत बसतो आणि दिवस कलल्यावर पाच हजार पुरुषांना हिरवळीवर बसवून जेवू घालतो. म्हणजे शिष्यांना विसावा मिळाला तो त्या होडीपुरताच! मला हे फार खरं वाटलं. माणसं येत राहणारच. आत्याही आयुष्यभर परिचारिका होती, रात्रपाळ्या तिने माझ्याहून जास्त केल्या. पण कळवळ्याने केलेलं काम आणि धाकाने केलेलं काम यांत फरक आहे, आणि दोनला जाग येण्यामागे माझ्या मनात कळवळा नव्हता, धाक होता. हे कळलं तेव्हा मी मान खाली घालून रडले. आजींनी पाठीवर हात ठेवला, विचारलं काहीच नाही. त्या सकाळी बऱ्याच काळाने मला प्रार्थना करता आली.

परतीच्या गाडीतच ऑफिसला मेल लिहायला घेतली: शनिवारच्या रात्रपाळ्या मी करेन, रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत मला फोन नको. कारण काय द्यावं, हे सुचेना म्हणून आत्याला फोन केला.

"खरं लिही की," ती म्हणाली. "भक्तीला जातो म्हणून."

तसंच लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. महिन्यातले दोन रविवार मिळालेत. उरलेल्यांसाठी मार्चनंतर पुन्हा विचारणार आहे.